ढगांच्या रेघा: एकावर एक फोटो रचून पकडलेला वारा

कातळवाट (धागाकर्ता)

पावसाळी प्रकाशचित्रांच्या धाग्यावर मी सिंहगडाचा फोटो टाकला होता. त्याखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: आभाळात कुंचला ओढल्यासारख्या या रेघा कुठल्या फिल्टरने काढल्या? फिल्टर कुठलाच नाही. तिथेच उत्तरं देत बसलो असतो तर तो धागा भरकटला असता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

कृती तशी सोपी. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, चौकट न हलवता ठरावीक सेकंदांनी फोटो काढत राहायचे आणि घरी आल्यावर ते सगळे एकावर एक ठेवून 'लायटन' पद्धतीने मिसळायचे. प्रत्येक पिक्सेलसाठी साऱ्या फोटोंमधलं सर्वांत उजळ मूल्य राखायचं, बाकीची टाकून द्यायची, एवढाच लायटनचा अर्थ. गडद निळ्या आभाळावरून उजळ ढग सरकत गेला की तो जिथे जिथे होता तिथे तिथे त्याची खूण उरते आणि या खुणा जोडल्या गेल्या की रेघ होते. ताऱ्यांच्या गोल रेषा काढणारी मंडळी हेच अनेक वर्षं करत आली आहेत. ढगांसाठी ते जगभर माहीत करून दिलं कॅनडाचे छायाचित्रकार मॅट मॉलॉय यांनी, साधारण २०१३ च्या सुमारास.

"मग एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावून लांब एक्स्पोजर घेतलं, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवलं, तर काय बिघडलं?" असाही प्रश्न होता. बिघडत काहीच नाही, पण चित्र वेगळं मिळतं. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा; दहा स्टॉपचा फिल्टर १/६० सेकंदाचं एक्स्पोजर सुमारे १७ सेकंदांवर नेतो. त्या वेळात ढगाचा उजेड आणि आभाळाचा निळा यांची सरासरी होते, म्हणून ढग दुधाळ होतात आणि कडा विरघळतात. लायटनमध्ये सरासरी होतच नाही. ढगाची सोनेरी कड जशीच्या तशी राहते, नुसती पुढे पुढे उमटत जाते. मला हे जास्त आवडतं, कारण प्रत्येक ढगाचा माग वेगळा ओळखता येतो.

आता खरी गोष्ट. या तंत्रावरच्या बहुतेक लेखांत "दर पाच सेकंदांनी दोनशे फोटो काढा" असं लिहिलेलं असतं आणि लोक ते डोळे मिटून करतात. माझं म्हणणं उलट आहे: आधी आभाळ वाचा. ढग किती उंचीवर आहे, वारा किती आहे, तो कुठून कुठे चाललाय, हे बघा. दोन फोटोंमधलं मध्यांतर आणि फोटोंची संख्या त्यावरून ठरते.

एकदा हिशेब करून बघू. फुल-फ्रेम कॅमेरा, २४ मिमी लेन्स, फोटोची रुंदी ६००० पिक्सेल. ढग आपल्यापेक्षा १ किमी उंच, वारा सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किमी. क्षितिजापासून २० अंश वर दिसणारा असा ढग आपल्यापासून जवळजवळ ३ किमी लांब असतो. तो आडवा जात असेल तर फोटोत सेकंदाला १४ पिक्सेल सरकतो. दर दोन सेकंदांनी फोटो काढला तर दोन फोटोंत २८ पिक्सेलचं अंतर पडतं आणि रेघ सलग दिसते. दर दहा सेकंदांनी काढला तर १४० पिक्सेल, म्हणजे रेघ तुटून ठसे दिसू लागतात. ठसेही छान दिसतात, पण ते आपण ठरवून आणलेले असावेत.

याच हिशेबाने तीन मिनिटांत तो ढग अडीच हजार पिक्सेल गेलेला असतो, चौकटीच्या ४० टक्क्यांहून जास्त! म्हणजे खालच्या ढगांसाठी तीन-चार मिनिटं भरपूर झाली. पाच सेकंदांनी दोनशे फोटो काढले तर सतरा मिनिटं होतात. तेवढ्या वेळात ढग दोनदा चौकट ओलांडून जातात, निळ्या फटी बुजतात आणि सगळं आभाळ एकसारखं पांढरट होऊन बसतं. उलट ९ किमीवरचे तंतुमेघ, म्हणजे पिसांसारखे पातळ ढग, घ्या. सेकंदाला ३० मीटर वाऱ्यातही ते याच चौकटीत सेकंदाला चार-पाच पिक्सेलच सरकतात. तिथे दहा मिनिटं थांबावं लागतं आणि पाच-सहा सेकंदांचं मध्यांतर चालतं.

दुसरी गोष्ट दिशेची. वाऱ्याला आडवं उभं राहिलात तर रेघा एकमेकींना समांतर येतात. वारा ज्या दिशेने येतो तिकडे तोंड केलंत तर सगळ्या रेघा क्षितिजावरच्या एका बिंदूतून फाकून डोक्यावर येतात. पावसाळ्यात आपल्याकडे खालचे ढग पश्चिमेकडून येतात. त्यामुळे सिंहगडावरून उत्तरेला, खडकवासल्याच्या पाण्याकडे कॅमेरा लावला तर डावीकडून उजवीकडे जाणारे पट्टे मिळतात. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यावरून पश्चिमेला लावला तर पंखा उघडतो. त्याच संध्याकाळचं तेच आभाळ, पण उभं राहण्याची जागा बदलली की चित्राचा सांगाडाच बदलतो.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगतो. सगळं मॅन्युअल: एक्स्पोजर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स, फोकस. यातलं एकही ऑटोवर राहिलं तर मधले काही फोटो इतरांपेक्षा उजळ येतात आणि लायटनमध्ये तेच बाजी मारतात. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरायची सोय) बंद. लांब एक्स्पोजरचं नॉइज रिडक्शनही (फोटोतला दाणेदारपणा कमी करायची सोय) बंद, नाहीतर मध्ये खंड पडतात. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइली, काढत असाल तर एका फोटोवर संस्कार करून तेच सगळ्यांना जसेच्या तसे लावा आणि मगच रचा.

सॉफ्टवेअरचं एवढं काही नाही. फोटोशॉपमध्ये सगळे फोटो एका फाइलीत थर म्हणून उघडायचे आणि सर्वांत खालचा सोडून बाकी सगळ्यांना लायटन लावायचं. गिंपमध्ये 'लायटन ओन्ली'. फुकट आणि सर्वांत सोपं म्हणजे ताऱ्यांच्या रेषा रचायचं स्टारस्टॅक्स.

विचारा काय विचारायचं ते.

सांजपाऊस

वाखु (वाचनखूण) साठवली! हिशेबाचा परिच्छेद दोनदा वाचला, आता कुठे डोक्यात प्रकाश पडला.

एक शंका. मी वर्षभरापूर्वी पवना धरणाच्या काठावर हा प्रयोग केला होता. सूर्यास्तानंतर ढग केशरी होते, आभाळ निळसर. रचल्यावर मात्र सगळ्या रेघा गुलाबी-जांभळ्या झाल्या. तसा रंग एकाही मूळ फोटोत शोधून सापडला नाही. हा कुठून येतो?

कातळवाट

सांजपाऊस, फार नेमका प्रश्न विचारलात. लायटन अख्ख्या पिक्सेलची तुलना करत नाही. लाल, हिरवा, निळा या तिन्ही वाहिन्या वेगवेगळ्या बघतं.

आकडे घेऊन बघा. समजा केशरी ढग लाल २३०, हिरवा १४०, निळा ९० असा आहे आणि त्याच जागी नंतर आलेलं आभाळ लाल ९०, हिरवा १३०, निळा २००. लायटन लाल ढगाचा उचलतं, हिरवा ढगाचा, पण निळा मात्र आभाळाचा. हाती येतं २३०-१४०-२००, म्हणजे गुलाबीकडे झुकलेला जांभळा. मूळ फोटोंत तो कधी नव्हताच.

तो नको असेल तर फोटोशॉपमध्ये 'लायटर कलर' वापरा. त्यात तिन्ही वाहिन्यांची बेरीज बघितली जाते: ढगाची ४६०, आभाळाची ४२०. ढग जिंकला की त्याचा रंग अख्खा येतो आणि केशरी केशरीच राहतो. गिंपमध्ये यासाठी 'ल्युमा लायटन ओन्ली' आहे. मात्र याने कडा जरा कडक होतात, दोन फोटोंमधला सांधा उठून दिसतो. मी दोन्ही पद्धतींनी रचून बघतो आणि बहुतेक वेळा दोन्हींचं मिश्रण ठेवतो. पवनेच्या फोटोवर तुम्हीही करून बघा. मूळ फोटो असतील ना अजून?

सांजपाऊस

आहेत. लगेच बसते करायला.

तारांगण

उत्तम धागा. मी ताऱ्यांच्या रेषा काढणारा, म्हणून त्या बाजूच्या दोन गोष्टी जोडतो.

पहिली म्हणजे स्टारस्टॅक्समधला 'कॉमेट' मोड. तो लावला की जुने फोटो हळूहळू फिके होत जातात आणि रेघेला डोकं नि शेपूट मिळतं. ताऱ्यांना तो मी फारसा वापरत नाही, पण ढगांना फार शोभतो. ढगाचा शेवटचा आकार ठळक राहतो, मागचा माग विरत जातो, आणि वारा कुठून कुठे गेला हे बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. साध्या लायटनमध्ये रेघेला दिशा नसते, तीच उलट्या क्रमाने रचली तरी चित्र तेच येणार. स्टारस्टॅक्सला रॉ फाइल देऊ नका, आधी टिफ किंवा जेपेग करून घ्या.

दुसरी गोष्ट लुकलुक. लेन्स एफ ८ किंवा एफ ११ वर, म्हणजे छिद्र लहान केलेलं, असेल तर प्रत्येक फोटोला छिद्राची पाती मिटतात आणि दर वेळी अगदी त्याच जागी मिटत नाहीत. एखादा फोटो किंचित उजळ येतो. टाइम-लॅप्स व्हिडिओत ते लुकलुकल्यासारखं दिसतं आणि लायटनमध्ये तो एकच फोटो आभाळभर आपली छाप सोडतो. यावर उपाय म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवणं किंवा हाताने फिरवायच्या छिद्रकड्याची जुनी लेन्स वापरणं. जुन्या बाजारात अशा लेन्स स्वस्तात मिळतात आणि या कामाला त्या नव्यांपेक्षा सरस आहेत.

आणि रेघ मऊ हवी असेल तर एक्स्पोजर मध्यांतराच्या निम्मं तरी ठेवा. तीन सेकंदांचं मध्यांतर असेल तर दीड सेकंद. दिवसाउजेडी त्यासाठी फिल्टर लागेल. म्हणजे कातळवाट म्हणतात तसा फिल्टर लागतच नाही असं नाही. :)

कातळवाट

तारांगण, मान्य. १/१२५ सेकंदाने काढलेल्या फोटोंत रेघेची कड खवल्याखवल्यांची दिसते आणि दीड सेकंदाने ती गुळगुळीत होते. मला खवले आवडतात, म्हणून मी फिल्टर लावत नाही. ज्यांना रेशमी हवं त्यांनी जरूर लावावा.

ढगवेडी

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. त्यावर होईल का हे? की वाचून नुसता आनंद मानायचा?

तारांगण

होईल की! अँड्रॉइड असेल तर 'ओपन कॅमेरा' हे फुकट ॲप घ्या. त्यात एकदा बटण दाबलं की ठरावीक सेकंदांनी फोटो काढत राहायची सोय आहे. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस तिन्ही बांधून ठेवा. फोन मात्र स्टँडवर घट्ट हवा, आणि आधी विमान मोडवर टाका. मध्येच फोन आला आणि थरथरला की संपलं.

दुसरा मार्ग: टाइम-लॅप्स व्हिडिओ काढून त्यातल्या चौकटी सुट्या करायच्या. एफएफएमपेग हा व्हिडिओचा फुकट प्रोग्राम हे काम करतो. पण फुल एचडी व्हिडिओची चौकट २० लाख पिक्सेलचीच असते, फोरकेची ८० लाखांच्या वर. मोठी प्रिंट काढायची असेल तर सुटे फोटोच बरे. एफएफएमपेगमध्ये 'लॅगफन' नावाचा फिल्टरही आहे, तो उजळ जागा हळूहळू विझवतो, म्हणजे व्हिडिओतच ढगांना शेपट्या फुटतात. एकदा नक्की बघा.

रेल्वेकाठ

लेख मेहनतीने लिहिलाय, त्याबद्दल दाद. पण मनात आहे ते स्पष्ट लिहितो. हे आभाळ कोणी कधी बघितलेलं नसतं. गुलाबी रंग मुळात नाही हे तुम्हीच वर दाखवून दिलंत. मग याला छायाचित्र का म्हणायचं? माझ्या मते छायाचित्राचा कणा म्हणजे तो एक क्षण, आणि इथे क्षणच नाही.

कातळवाट

रेल्वेकाठ, हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. पण सतरा सेकंदांच्या एक्स्पोजरमधला दुधाळ धबधबा तरी कोणी डोळ्यांनी बघितलाय? तिथे सेन्सर वेळ साठवतो आणि बेरीज करतो. इथे मी वेळ साठवतो आणि बेरजेऐवजी कमाल मूल्य घेतो. दोन्हीकडे ढग खरा, त्याची जागा खरी, तो तिथून गेला हेही खरं.

माझी रेषा मी वेगळ्या ठिकाणी ओढतो. दुसऱ्या दिवसाचं आभाळ आणून चिकटवलं तर ती बनावट. एकाच जागेवरून, एका सलग वेळात, क्रमाने काढलेले फोटो असतील तर ती नोंद आहे. आणि फोटोखाली मी नेहमी लिहितो की हे किती फोटो, किती मध्यांतराने रचलेत. हे लपवणं मला पटत नाही. स्पर्धेला पाठवणाऱ्यांनी आधी नियम वाचावेत. अनेक स्पर्धांत रचलेले फोटो वेगळ्या गटात घेतात, आणि ते योग्यच आहे.

रेल्वेकाठ

खाली लिहिता हे चांगलं करता. क्षणाबद्दलचं माझं मत कायम आहे, पण 'नोंद' हा मुद्दा विचार करायला लावणारा आहे.

वातकुक्कुट

नोंद या मुद्द्यावर मला भरभरून लिहायचंय, कारण हवामानशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय.

या फोटोंचं खरं मोल आपल्या पावसाळ्यात कळतं. जुलै-ऑगस्टमध्ये पावसात खंड पडतो, खालचे ढग फाटतात आणि त्या फटींतून वरचे तंतुमेघ दिसतात. त्या दिवशी फोटो रचून बघा. खालचे ढग पश्चिमेकडून पूर्वेला गेलेले दिसतील आणि वरचे नेमके उलटे, पूर्वेकडून पश्चिमेला. एकाच चौकटीत दोन विरुद्ध रेघा!

कारण असं. जमिनीपासून साधारण दीड किमीवर अरबी समुद्राकडून येणारा पश्चिमेचा मोसमी झोत असतो. १४-१५ किमीवर याच्या उलट पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारा उष्णकटिबंधीय पूर्व झोत असतो. तो पावसाळ्यातच असतो, त्याचा गाभा दक्षिण भारतावर, पण आपल्या अक्षांशावरही वरचे वारे पूर्वेचेच. त्यावरचा पायाभूत अभ्यास आपल्या पी. कोटेश्वरम यांचा. त्यांचा शोधनिबंध १९५८ सालचा, पुढे ते भारतीय हवामान खात्याचे महासंचालक झाले. उन्हाळ्यात तिबेटचं पठार तापतं, त्याच्या वर हवेचा उंच, उबदार डोंगर तयार होतो आणि त्याच्या दक्षिण बाजूने हा झोत वाहतो, अशी त्यांची मांडणी होती.

कातळवाट यांच्या हिशेबाची पद्धत इथे लावून बघा. डोक्यावर, १ किमीवरचा ढग सेकंदाला १२ मीटर वेगाने जातो. १४ किमीवरचा ३५ मीटरने जातो, म्हणजे जवळजवळ तिप्पट वेगाने. पण उंची चौदापट असल्याने आपल्याला तो खालच्यापेक्षा पाचपट हळू सरकताना दिसतो. म्हणून एकाच रचनेत खालच्यांच्या लांब रेघा येतात आणि वरच्यांचे आखूड ठसे. नुसत्या डोळ्यांनी वरचा थर स्थिर आहे असंच वाटतं. पुण्यात राहून हा झोत प्रत्यक्ष बघायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

घराबाहेर पडायच्या आधी विंडी या हवामानाच्या संकेतस्थळावर वाऱ्याच्या दोन पातळ्या बघा, तिथे त्या हवेच्या दाबाने दिलेल्या असतात: ८५० हेक्टोपास्कल आणि १५० हेक्टोपास्कल. पहिली दीड किमीची, दुसरी १४ किमीची. हवामान खात्याचे फुगेही दिवसातून दोनदा वर जातात, आपल्या घड्याळात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. त्यांची मोजमापं बघितली तर रेघांशी पडताळून पाहता येतं. महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएमची (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे. सह्याद्रीवरून जाणारे ढग हाच तिचा विषय.

कातळवाट

वातकुक्कुट, हा प्रतिसाद मूळ लेखात घ्यायला हवा! दोन उलट्या रेघा मी फोटोत बघितल्या आहेत, पण वरच्या थराला नाव-गाव आज मिळालं. दोन्ही थर एकत्र घ्यायचे तर मध्यांतर खालच्याला साजेसं, दोन-तीन सेकंदांचं, आणि एकूण वेळ वरच्याला पुरेल असा दहा मिनिटांचा ठेवतो. मग खालच्या थरासाठी पहिल्या साठ-सत्तर फोटोंची एक रचना आणि वरच्यासाठी सगळ्यांची दुसरी करून मास्कने (थराचा हवा तेवढाच भाग दाखवून) जोडतो. तसं न केलं तर खालचे ढग वरच्यांना पुसून टाकतात.

उत्तरध्रुव

कॅलगरीहून लिहितोय. इथे हिवाळ्यात चिनूक वारा रॉकी पर्वत ओलांडून पश्चिमेकडून खाली उतरतो, काही तासांत तापमान दहा-पंधरा अंशांनी चढतं. त्या वेळी पश्चिमेला ढगांची मोठी कमान दिसते, तिच्याखाली पर्वतापर्यंत मोकळ्या निळ्या आभाळाची पट्टी.

एवढा जोराचा वारा, म्हणून हौसेने रचना केली. कमानीच्या पोटात रेघा आल्या, पण तिची कड जागची हलली नाही, सुरीने कापल्यासारखी तशीच. वारा नसतो असं नाही ना तिथे?

वातकुक्कुट

वारा भरपूर असतो, तो ढगातून वाहतो. पर्वतावरून उतरलेली हवा पुढे लाटेसारखी पुन्हा चढते. चढताना थंड होऊन ढग तयार होतो, उतरताना विरतो. पाण्याचे थेंब आणि हिमकण सतत बदलत असतात, ढगाची जागा मात्र लाटेच्या माथ्याशी बांधलेली. म्हणून कड स्थिर आणि आतला पोत वाहता. तुमचा फोटो या प्रकाराचा उत्तम पुरावा आहे.

आपल्याकडे याच कुळातली गोष्ट म्हणजे गडाच्या माथ्यावरची ढगांची टोपी. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर किंवा कळसूबाईवर (१६४६ मीटर) पावसाळ्याच्या अखेरीस बघा. टोपी तासभर जागची हलत नाही, पण ती अखंड नवी होत असते.

समुद्रकोयंडा

गोव्याहून नमस्कार. शापोरा किल्ल्यावरून समुद्राकडे तोंड करून करायचा विचार आहे, मावळता सूर्य चौकटीत ठेवून. काही अडचण?

कातळवाट

सूर्य चौकटीत असेल तर त्याचीही रेघ उमटते. तो दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, म्हणून दहा मिनिटांत पाच सूर्यांएवढा लांब पांढरा दांडा तयार होतो आणि भोवतीचं सगळं उजळून जातं. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर सुरू करा. ढगांच्या पोटाला खालून रंग चढतो तो तेव्हाच.

समुद्राचं वेगळं आहे. लायटनमध्ये प्रत्येक लाटेचा फेस साठत जातो आणि किनारा पांढरा चुन्यासारखा होतो. पाण्याच्या भागासाठी तेच फोटो सरासरीने रचा, फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्टचा 'मीन' हा स्टॅक मोड आहे. पाणी मऊ होतं आणि नॉइजही झपाट्याने कमी होतो. शंभर फोटोंची सरासरी घेतली तर तो दहाव्या हिश्शावर येतो. मग आभाळ लायटनचं, पाणी सरासरीचं.

पूर्वा२२

जमिनीवरच्या झाडांचं काय करता? माझ्या फोटोत माडाच्या झावळ्या वाऱ्याने हलून नाहीशाच झाल्या, त्यांच्या जागी धुरकट काहीतरी उरलं. आणि पक्ष्यांचे थवे गेले होते, तेही दिसत नाहीत.

कातळवाट

झावळ्या आभाळापेक्षा गडद. त्या हलल्या की मागचं उजळ आभाळ एखाद्या तरी फोटोत दिसतंच, आणि लायटन तेच उचलतं. म्हणून जमिनीचा भाग नेहमी एकाच फोटोतून घ्यायचा, वारा क्षणभर थांबला असेल असा निवडून, आणि मास्कने बसवायचा. शक्य असेल तर कातळ, बुरूज, देवळाचा कळस असं न हलणारं काही निवडा.

पक्षीही गडद, म्हणून पुसले गेले. तेच फोटो 'डार्कन'ने रचून बघा. थवा ठिपक्यांच्या माळेसारखा उमटेल. डार्कनचा आणखी एक उपयोग: वळवाचे काळे ढग उजळ आभाळावरून येत असतील तेव्हा लायटनमध्ये ते हरवतात, डार्कनमध्ये ठसठशीत येतात. मात्र मे-जूनच्या त्या ढगांत विजा असतात. गडगडाट ऐकू आला की ट्रायपॉड मिटा आणि माथा सोडा, फोटो राहिला तरी चालेल.

ढगवेडी

गच्चीवरून मोबाइलवर जमलं!! रेघा आल्या! फक्त एक झालं: सूर्यास्तानंतर अर्धा तास फोटो काढले, पण चित्रात पहिल्या दहा मिनिटांचेच ढग दिसतात. नंतरचे इतके सुंदर लाल ढग कुठे गेले?

कातळवाट

अभिनंदन! नक्की इथे टाका.

उजेड दर मिनिटाला उतरत होता आणि एक्स्पोजर बांधलेलं होतं. म्हणजे नंतरचा लाल ढगसुद्धा सुरुवातीच्या मोकळ्या आभाळापेक्षा गडद ठरला, आणि लायटनने त्याला घेतलंच नाही. मूळ फोटो असतील तर दुरुस्त करता येतं. अर्ध्या तासाचे तीन गट करा, दहा-दहा मिनिटांचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचे फोटो उजळ करून पहिल्याच्या बरोबरीला आणा, मोकळ्या आभाळाचा एकच तुकडा तिन्हींत सारखा दिसेपर्यंत. प्रत्येक गट वेगळा रचा, मग तिन्ही रचना लायटनने एकत्र करा. नाहीतर लाल ढग शेवटच्या दहा मिनिटांत असतील तर पहिले वीस मिनिटांचे फोटो सरळ वगळा. मी बहुतेक वेळा हेच करतो. कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं हे निवडण्यातच या कामाची निम्मी गंमत आहे.

सांजपाऊस

पवनेचा फोटो लायटर कलरने पुन्हा रचला. ढग केशरी आले, अगदी त्या संध्याकाळी होते तसे! कडा कडक झाल्यात हेही खरं. वर म्हटल्याप्रमाणे दोन्हींचं मिश्रण करायला घेते. तुम्ही साधारण किती टक्के ठेवता?

कातळवाट

लायटर कलरची रचना खाली, साध्या लायटनची वर, आणि वरच्या थराची अपारदर्शकता ३० ते ४० टक्के. तेवढ्याने सांधे झाकले जातात आणि केशरी शाबूत राहतो. आभाळ जास्त निळं असेल तर ३० च्या खालीच थांबा.

पूर्वा२२

शेवटचा प्रश्न. माझा लॅपटॉप आठ जीबीचा आहे, दोनशे थर उघडले की फोटोशॉप गोठतं. फोटो लहान करायचे नाहीयेत.

तारांगण

दोनशे एकदम उघडायची गरज नाही. कमाल मूल्य काढायचं असेल तर क्रमाला महत्त्व नसतं, त्यामुळे वीस-वीसचे गट रचा, दहा निकाल हाती येतील, ते पुन्हा रचा. उत्तर तंतोतंत तेच येतं. किंवा स्टारस्टॅक्सला द्या. माझ्या जुन्या, कमी रॅमच्या लॅपटॉपवरही ते कुरकुर न करता चालतं. कॉमेट मोड लावणार असाल तर मात्र गट पाडू नका, तिथे क्रम लागतो.